वस्तऱ्याचा पट्टा : निवड, वापर आणि निगा

ग्रामीण जीवनात नाभिकाच्या धोकटीला एके काळी विशेष स्थान होते. वस्तरा, निसणा, कातर, चिमटा, नराणी, आरसा, पाण्याची वाटी आणि चामड्याचा पट्टा एवढ्या मोजक्या साहित्यावर गावाची सेवा चाले. बारा बलुतेदारांत न्हाव्याची गणना होई, आणि संत सेना महाराजांनी तर आपल्या व्यवसायातील आरसा, चिमटा यांसारख्या उपकरणांना अभंगात आध्यात्मिक अर्थ देऊन त्यांची प्रतिष्ठा वाढविली. या साहित्यापैकी वस्तऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते. पट्टा मात्र उपेक्षित राहतो. वास्तविक पाहता वस्तऱ्याची धार निसण्यावर निर्माण होते आणि पट्ट्यावर टिकते. धार टिकविणारे हे साधन कसे निवडावे, कसे वापरावे आणि त्यापासून अपाय होऊ नये म्हणून कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकसंध पोलादी पात्याचा वस्तरा आज केशकर्तनालयांतून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट यांना सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट १९०४ साली मिळाले, आणि पुढे घरोघरी पातळ ब्लेडचा प्रसार झाला. तथापि वाडवडिलांचा शेफिल्ड किंवा झोलिंगेन येथील बनावटीचा वस्तरा अनेक घरांत जपून ठेवलेला आढळतो. वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या साधनांचा कंटाळा आल्याने काही मंडळी या जुन्या वस्तऱ्याकडे पुन्हा वळलीही आहेत. अशा मंडळींना पहिली अडचण जाणवते ती पट्ट्याची.

कॅसलरॉकचा पावसाळा

या विषयाचा विचार करताना सह्याद्रीच्या माथ्यावरील एक गाव डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरेल. कर्नाटक राज्याच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात कॅसलरॉक हे रेल्वेस्थानक आहे. मुरगाव बंदरापासून निघालेला लोहमार्ग १८८८ साली घाट चढून येथपर्यंत पोहोचला. १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत हे सरहद्दीवरील स्थानक होते आणि येथे मालाची व प्रवाशांची जकात-तपासणी होत असे. येथून खाली उतरणारी गाडी दूधसागर धबधब्याजवळून कुळे स्थानकाकडे जाते. मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही भाषा या परिसरात ऐकू येतात.

कॅसलरॉकची आणखी एक ओळख म्हणजे तेथील पाऊस. जून ते सप्टेंबर या काळात ढग घाटमाथ्यावर मुक्काम करतात. दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे साठ टक्क्यांच्या वर गेली की पोलाद गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि ती सत्तरच्या वर दीर्घकाळ राहिली की कातड्यावर बुरशी धरू लागते. वस्तरा पोलादाचा आणि पट्टा कातड्याचा. म्हणजे पावसाळा दोघांचाही वैरी. कोरड्या प्रदेशात जी चूक वर्षभर खपून जाते, ती येथे आठवड्याभरात उघडी पडते. म्हणूनच कॅसलरॉक, खानापूर, आंबोली, महाबळेश्वर अशा पावसाळी मुलखात जी निगा पुरेशी ठरेल, ती अन्यत्र सहज पुरेशी होईल.

पट्टा नेमके काय करतो ?

पट्टा वस्तऱ्याला धार लावतो असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट खरा आहे. धार लावणे म्हणजे पोलाद झिजवून दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग एका रेषेत आणणे, आणि हे काम दगडाचे. अशी तयार झालेली रेषा इतकी सूक्ष्म असते की तिची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. दाढी करताना ही रेषा जागोजाग किंचित वाकते, तिच्यावर साबणाचा व ओलाव्याचा अंश राहतो आणि सूक्ष्म गंजही चढू लागतो. कातड्यावर पाते उलट दिशेने ओढले असता वाकलेली धार सरळ होते, चिकटलेला अंश निघून जातो आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. पट्टा धार घडवीत नाही, घडलेली धार सावरतो.

केसासारख्या मऊ वस्तूने पोलादाची धार का जावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी २०२० साली या प्रश्नाचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. केस पोलादाहून सुमारे पन्नास पटींनी मऊ असूनही धारेचे बारीक कपचे उडवू शकतो, असे त्यांना आढळले. धारेतील पोलाद सर्वत्र सारखे नसते. जेथे कठीण व मऊ भाग शेजारी येतात आणि केस तिरपा वाकलेला असतो, तेथे कपचा उडतो. यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, दाढी कोमट पाण्याने चांगली भिजवावी, कारण पाणी शोषलेला केस सहज कापला जातो. दुसरी, उडालेला कपचा पट्ट्याने भरून येत नाही. त्यासाठी निसण्याकडेच जावे लागते. पट्टा फिरवूनही एकदोन दाढींतच वस्तरा केस ओढू लागला, तर दोष पट्ट्याचा नसून निसण्याची वेळ आली आहे, असे समजावे.

वस्तऱ्याच्या घडणीतच एक युक्ती आहे. त्याची पाठ मुद्दाम जाड ठेवलेली असते. पाते पट्ट्यावर सपाट ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात व धारेचा कोन आपोआप राखला जातो. धारेपासून पाठीपर्यंतची रुंदी १६ मिलिमीटर आणि पाठीची जाडी साडेचार मिलिमीटर असेल, तर हा कोन सुमारे १६ अंशांचा भरतो. पाठ उचलली की कोन बदलतो आणि धार बोथट होते. पट्टा वापरण्याच्या सर्व नियमांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

पट्ट्याची निवड

पट्टे प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. पहिला टांगता पट्टा. त्याच्या एका टोकास कडी असते आणि दुसरे टोक हाताने ताणून धरतात. दुसरा लाकडी फळीवर चिकटविलेला. टांगत्या पट्ट्यावर पाते लांबवर फिरते व काम लवकर होते. फळीवरचा पट्टा झोळ घेत नाही, म्हणून नवशिक्यास तो सोपा जातो. पूर्वीचे कित्येक कारागीर पाते तळहातावर फिरवूनही धार सावरीत. ते अनुभवी हाताचे काम आहे; इतरांनी त्याचे अनुकरण करू नये.

कातड्याची पारख करताना पुढील बाबी पाहाव्यात.

१. कातडे झाडाच्या साली-फळांनी कमावलेले असावे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कमावण्याची परंपरा कोल्हापूर, अथणी, निपाणी या पट्ट्यात जुनी आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील जिल्हे समाविष्ट आहेत, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. असे कातडे घट्ट असते आणि पात्याला हलकीशी पकड देते. क्रोमने कमावलेले मऊ कातडे ताणले जाते, म्हणून टांगत्या पट्ट्यास ते तितकेसे उपयोगी नाही.

२. कातडे जनावराच्या पाठीच्या भागातील असावे. पोटाकडील कातडे सैल व असमान असते आणि थोड्याच दिवसांत लांबते. चपलेचा तळ कापणारा कारागीर हा फरक बोटांनी ओळखतो. त्याच्याकडून म्हशीच्या कातड्याची पट्टी कापून घेतल्यास उत्तम पट्टा गावातच तयार होऊ शकतो.

३. रुंदी सहा ते साडेसात सेंटीमीटर, वापरण्याजोगी लांबी पंचेचाळीस ते पन्नास सेंटीमीटर आणि जाडी दोन ते तीन मिलिमीटर असावी. पात्याच्या लांबीएवढी रुंदी असल्यास पाते सरळ ओढता येते. रुंदी कमी असल्यास पाते तिरके नेत टाचेपासून टोकापर्यंत सर्व धार टेकेल, अशी काळजी घ्यावी लागते.

४. पृष्ठभागावर नक्षी, रंगाचा थर, शिवण किंवा व्रण नसावा. पट्टा मेजावर ठेवला असता सपाट बसावा. कडा वर वळलेल्या नसाव्यात. वाकविला असता भेगा दिसू नयेत. कोरड्या तळहाताने वरून घासल्यास किंचित अडखळ जाणवावी. काचेसारखा निसरडा पट्टा धारेवर परिणाम करीत नाही.

कमरेचा जुना पट्टा वापरता येईल काय, असे अनेकदा विचारले जाते. तो अस्सल कातड्याचा, नक्षी नसलेला व पुरेसा रुंद असल्यास चालतो. मात्र हल्ली मिळणाऱ्या कित्येक पट्ट्यांवर प्लास्टिकचा मुलामा असतो. असा पट्टा निरुपयोगी होय.

कातड्याच्या जोडीस कापडाची एक पट्टी असणे इष्ट आहे. परदेशी पट्ट्यांना लिननची किंवा कॅनव्हासची पट्टी जोडलेली असते. आपल्याकडे खाटेची जाड सुती नवार स्वच्छ धुऊन, खळ काढून व इस्त्री करून वापरल्यास तेच काम होते. कापड पाते पुसते व किंचित उबदार करते. कातडे त्यावर शेवटचा हात फिरविते.

वापराची रीत

प्रथम पाते कोरडे पुसून घ्यावे. पट्टा खिडकीच्या गजाला किंवा भक्कम खिळ्याला अडकवून, कमरेच्या उंचीवर, डाव्या हाताने ताणून धरावा. ताण इतका असावा की पाते ठेवल्यावर पट्ट्यास झोळ पडू नये. झोळ पडला की कातडे धारेभोवती वळते आणि धार गोलाई धरते. नवशिक्यांच्या हातून बहुतेक वस्तरे याच कारणाने बिघडतात.

उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांनी पाते मुळाशी धरावे. पाते पट्ट्यावर सपाट ठेवून पाठ पुढे व धार मागे अशा स्थितीत ते स्वतःपासून दूर सरकवावे. टोक गाठल्यावर थांबावे. नंतर पाते न उचलता पाठीवरच कलते करून दुसऱ्या बाजूवर आणावे. पाठ पट्ट्यास चिकटूनच राहिली पाहिजे. मग पुन्हा पाठ पुढे ठेवून पाते स्वतःकडे ओढावे. जाणे आणि येणे मिळून एक फेरी होते. धार कधीही पुढे असता कामा नये, आणि पालटताना पाते धारेवरून उलटू नये. या दोन चुकांपैकी कोणतीही एक घडली तरी कातडे कापले जाते आणि धारही बिघडते.

दाब पात्याच्या वजनाहून फारसा अधिक नसावा. आरंभी वेग मुळीच ठेवू नये. केशकर्तनालयातील कारागिराचा सपसप आवाज हा वर्षानुवर्षांच्या सवयीचा परिणाम असतो, धारेचे कारण नव्हे. दाढीपूर्वी कापडावर वीस ते तीस आणि कातड्यावर चाळीस ते पन्नास फेऱ्या पुरेशा होतात. धारेची परीक्षा अंगठा फिरवून करू नये. हाताच्या पृष्ठभागावरील केस पाते न दाबता कापले गेले म्हणजे पट्ट्याचे काम झाले.

काहीजण पट्ट्यास हिरवे क्रोमियम ऑक्साइड किंवा सोनाराकडील लाल लोहभस्मासारखे चूर्ण लावतात. ही चूर्णे पोलाद अल्प प्रमाणात झिजवितात, म्हणून निसण्यापर्यंतचा काळ त्यांनी लांबविता येतो. परंतु त्यांसाठी निराळी पट्टी ठेवावी आणि वस्तरा मंदावल्यावरच तीवर दहापंधरा फेऱ्या द्याव्यात. रोजच्या पट्ट्यास एकदा चूर्ण लागले की ते पूर्णपणे निघत नाही.

ओल आणि बुरशी यांपासून रक्षण

दाढी झाल्यावर वस्तरा धुऊन, मऊ कापडाने पुसून, सांध्यातील पाणीही टिपून घ्यावे. त्यानंतर कापडी पट्टीवर आठदहा फेऱ्या दिल्यास डोळ्यांना न दिसणारा ओलावा निघून जातो. पावसाळ्यात पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा अत्यंत पातळ हात द्यावा. खोबरेल तेल सहज उपलब्ध असले तरी काही काळाने ते खवट व चिकट होते, म्हणून दीर्घकाळ ठेवावयाच्या पात्यास लावू नये. वस्तरा कातडी म्यानात किंवा न्हाणीघरात ठेवू नये. कातडे ओल धरते आणि तीच ओल पात्यास देते. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवलेला वस्तरा घाटमाथ्यावरही सुरक्षित राहतो. तेल लावलेले पाते वापरण्यापूर्वी पुसून घ्यावे, म्हणजे ते तेल पट्ट्यात उतरणार नाही.

पट्टा नेहमी टांगून ठेवावा; गुंडाळी केल्यास घडीच्या जागी उंचवटे येतात. भिंतीला टेकलेला नसावा, वारा दोन्ही बाजूंनी लागावा. रोज वापरण्यापूर्वी स्वच्छ, कोरड्या तळहाताने दहावीस वेळा घासल्यास हाताची ऊब व किंचित स्निग्धता त्यास पुरते. वेगळे तेल क्वचितच लागते. अधिक तेलाने पट्टा मऊ पडतो व धूळ धरतो. बुरशी दिसताच पट्टा घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावा, मग स्पिरिटने किंचित ओलावलेला बोळा फिरवून सावलीत वाळवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळविल्यास कातडे आकसते, वाकते आणि पुन्हा सपाट होत नाही. बारीक काप पडला असल्यास अतिशय बारीक काचकागदाने त्याची कड घासून समतल करावी. धारेच्या मार्गात मोठा काप असेल तर तो पट्टा बाद समजावा.

दीर्घ पावसाच्या दिवसांत कातडे दमट व सुस्त होते. अशा वेळी सपाट फळीभोवती वर्तमानपत्राचा कोरडा कागद घट्ट गुंडाळून त्यावर हलक्या हाताने पाते फिरविल्यास काम भागते. कागद वापरून झाला की टाकून द्यावा. हा उपाय बिनखर्चाचा आहे.

एक पट्टा, एक माणूस

पट्ट्यासंबंधी सर्वांत महत्त्वाची बाब आरोग्याची आहे. दाढी करताना त्वचेला डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात आणि रक्ताचा अंश पात्यावर राहू शकतो. कावीळ ब या रोगाचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहून संसर्ग घडवू शकतो. कावीळ क आणि एचआयव्ही यांचाही प्रसार रक्तावाटे होतो. भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ साली प्रथम आढळून आला. त्यानंतर केशकर्तनालयांतील वस्तऱ्याचा प्रश्न जनजागृतीच्या कार्यक्रमांत वारंवार चर्चिला गेला.

पाते निर्जंतुक केले म्हणजे झाले, असा येथे समज होण्याचा संभव आहे. पोलादाचे पाते उकळता येते, स्पिरिटमध्ये बुडविता येते. पट्ट्याचे तसे नाही. कातडे सच्छिद्र असते. ते उकळता येत नाही, धुता येत नाही, रसायनात भिजविता येत नाही. एका गिऱ्हाइकाच्या दाढीनंतर पट्ट्यावर फिरविलेले पाते त्यावर जे ठेवते, तेच पुढच्या गिऱ्हाइकासाठी स्वच्छ करून फिरविलेले पाते उचलते. स्वच्छतेची सारी मेहनत शेवटच्या चाळीस फेऱ्यांत वाया जाते. हा धोका पट्ट्याच्या गुणवत्तेने कमी होत नाही, आणि कारागिराच्या कौशल्यानेही नाही.

म्हणून नियम साधा आहे. एकसंध पात्याचा वस्तरा आणि त्याचा पट्टा हे एकाच व्यक्तीचे साधन होय. बाप-लेक, भाऊ-भाऊ यांनीही ते सामाईक वापरू नये. रोगाची वाहक व्यक्ती बाहेरून निरोगी दिसू शकते. वाडवडिलांचा वस्तरा वापरावयाचा असल्यास तो निर्जंतुक करून घ्यावा. जुना पट्टा मात्र आठवण म्हणून भिंतीवर ठेवून वापरासाठी नवा घ्यावा. केशकर्तनालयात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी त्याच्या समक्ष नवे ब्लेड बसविलेला वस्तराच वापरावा, आणि वापरलेले ब्लेड झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावे, जेणेकरून कचरा वेचणाऱ्यांच्या हातास इजा होणार नाही. कावीळ ब रोगावर परिणामकारक लस उपलब्ध आहे; नाभिक बंधूंनी, त्यांचा रक्ताशी संबंध येण्याचा संभव असल्याने, तिच्याविषयी नजीकच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

शाळा व ग्रामपंचायतींसाठी

हा विषय शाळेत शिकविताना विद्यार्थ्यांच्या हाती वस्तरा देऊ नये. तीन खिळे घ्यावेत. एक ओल्या कापसावर, एक तेल लावून ओल्या कापसावर आणि एक कोरड्या, बंद बाटलीत ठेवावा. आठवड्याभरानंतर गंजातील फरक विद्यार्थ्यांनीच नोंदवावा. कातड्याचे दोन तुकडे एक दमट व एक कोरड्या डब्यात ठेवल्यास बुरशीचा पाठ तयार होतो. वरच्या वर्गात पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांवरून कोन काढण्याचे गणित देता येईल. पट्ट्यावर पाते पालटण्याची रीत लाकडी पट्टीने दाखवावी.

दर वर्षी २८ जुलै रोजी जागतिक कावीळ दिन पाळला जातो. कावीळ ब रोगाच्या विषाणूचा शोध लावणारे आणि १९७६ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले बरूक ब्लुमबर्ग यांचा हा जन्मदिवस. घाटमाथ्यावर तो ऐन पावसाळ्यात येतो. ग्रामपंचायत, शाळा आणि आरोग्य कर्मचारी यांनी त्या दिवशी गावातील नाभिक बंधूंना निमंत्रित करून नव्या ब्लेडच्या नियमाची माहिती द्यावी, आणि दुकानात दर्शनी भागी 'प्रत्येकास नवे ब्लेड' अशी पाटी लावण्याची विनंती करावी. गिऱ्हाइकानेही खुर्चीवर बसल्यावर नवे ब्लेड मागण्यास संकोच करू नये. त्यात कारागिराचा अवमान नाही, दोघांचेही हित आहे.